माझ्या मेंदूतला डाग

"हा बघा, इथं एक डाग दिसतोय," असं म्हणून डॉक्टरांनी पेनाचं टोक काळ्या फिल्मवर टेकवलं.

नांदेडच्या त्या दवाखान्यात मी आणि माझा नवरा दानियल, असे दोघंच होतो. फिल्मच्या मागं पांढरा दिवा लागला होता आणि माझं डोकं आडवं कापून ठेवल्यासारखं दिसत होतं. डाग ज्वारीच्या दाण्याएवढा होता. "याला न्यूरोसिस्टिसर्कोसिस म्हणतात," डॉक्टर म्हणाले. नाव ऐकूनच दानियलनं खुर्ची घट्ट धरली.

मग त्यांनी सोपं करून सांगितलं. पट्टकृमी नावाचा जंत असतो. त्याची अंडी घाण पाण्यातून, न धुतलेल्या भाजीतून, कुणाच्या अस्वच्छ हातातून पोटात जातात. तिथून एखादी अळी रक्तातून मेंदूत जाऊन बसते, तिच्याभोवती सूज येते आणि त्या सुजेमुळं झटके येतात. म्हणजे मला मिरगी होती आणि तिच्या मुळाशी एक जंत होता. मला चक्क हसू आलं. इतके महिने गावानं माझ्यात काय काय शोधलं होतं, आणि निघाला काय तर जंत.

हे कुणासाठी लिहिते आहे ते आधीच सांगते. ज्यांना झटके येतात आणि ज्यांच्या उशाशी औषधाऐवजी भूत आणून बसवलं जातं, त्यांच्यासाठी. त्यातही जे प्रभूला मानतात आणि गोळी घेताना चोरी केल्यासारखं तोंड लपवतात, त्यांच्यासाठी जास्त.

आमचं गाव सेनगाव तालुक्यात, साखऱ्याच्या अलीकडं. हिंगोली तेव्हा नुकताच परभणीतून निघून वेगळा जिल्हा झाला होता. आमची ख्रिस्ती मंडळी म्हणजे मोजकी घरं आणि प्रार्थनेला एक पत्र्याची शेड. घरात प्रभूला सगळ्यांत आधी मानलं ते माझ्या सासूबाईंनी. मी त्यांना आत्या म्हणते. लग्न होऊन आले तेव्हा मला येशूचं नाव ठाऊक नव्हतं. ते आत्यांनी चुलीपुढं भाकरी थापता थापता शिकवलं. पुढं मी दर रविवारी मंडळीतल्या लेकरांना गाणी शिकवू लागले.

पहिला झटका आला तो भर गाण्यात. मी सतरंजीवर कोसळले आणि हातपाय झाडू लागले. सगळ्यांना वाटलं, पवित्र आत्मा उतरला. ढोलकी जोरात वाजू लागली. शुद्धीवर आले तेव्हा जीभ चावली गेली होती, लुगडं ओलं झालं होतं आणि बाया माझ्याकडं मोठ्या भक्तीनं बघत होत्या.

दुसरा झटका हापशीवर आला. घागर चेपली, कपाळ फुटलं. एकीनं नाकाला कांदा लावला, दुसरीनं चप्पल. या खेपेला त्याच बाया म्हणाल्या, दुष्टात्मा शिरला. मंडळीत पडले तर पवित्र आत्मा, हापशीवर पडले तर सैतान. जागा बदलली की निदान बदलतं, असा दवाखाना मी दुसरीकडं कुठं पाहिला नाही.

आमचे पाळक, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, सेनगावहून उन्हातान्हात सायकल मारत आले. डोक्यावर हात दाबून त्यांनी मोठ्यानं प्रार्थना केली. माणूस मनानं वाईट नव्हता; प्रार्थना करताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. पण झटके थांबले नाहीत. दानियल जीप चालवायचा, पेशंट घेऊन नांदेडच्या खेपा करायचा. एक दिवस तो म्हणाला, "इतक्यांना नेऊन सोडतो, तुलाच काहून नेऊ नये?" आणि आम्ही निघालो.

तिथं आधी ई.ई.जी. काढला. डोक्याला चिकट मलम लावून बऱ्याच तारा चिकटवतात आणि मेंदूतल्या विजेच्या लाटा कागदावर उमटतात. दुखत काही नाही, फक्त केस धुताना जीव जातो. मग सी.टी. स्कॅन, म्हणजे एका मोठ्या चाकातून डोकं आत सरकवून घेतलेले फोटो. बाहेरच्या बाकावर माझ्यासारख्या बऱ्याच जणी होत्या. कुणाच्या हातात गंडा, कुणाच्या गळ्यात ताईत, माझ्या गळ्यात क्रूस. डॉक्टरांनी जंतावरचं औषध दिलं आणि झटक्याच्या गोळ्या दिल्या. "झटक्याची गोळी मनानं बंद करायची नाही, एक दिवससुद्धा," असं दोनदा बजावलं.

चूक झाली ती घरी आल्यावर. आत्यांनी दारातच विचारलं, काय निघालं? दानियल सरळ माणूस. तो म्हणाला, "फोटोत डाग निघाला."

आमच्या मंडळीत डाग एकाच गोष्टीचा असतो, पापाचा. निम्म्या गाण्यांत तो प्रभूच्या रक्तानं धुतला जातो. दिवस मावळायच्या आत गावभर झालं की दानियलच्या बायकोचं पाप फोटोत दिसलं. मी जंत, अंडी, सूज सगळं समजावून सांगितलं. पण आमच्याकडं जंत लेकरांच्या पोटात असतात, मोठ्या बाईच्या मेंदूत नाही. माझं कुणी ऐकलं नाही.

पाळक पुन्हा आले. "यंत्रानं डाग दाखवला, बाई, आता प्रभू तो धुईल," ते म्हणाले. त्यांनी उपास-प्रार्थना लावली. "गोळीवर बी भरवसा अन् प्रभूवर बी, असं दोन डगरींवर पाय ठेवून चालत न्हाई." आणि डाग जाईपर्यंत मी प्रभुभोजनाला हात लावायचा नाही, लेकरांना शिकवायचं नाही, असं ठरलं.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. प्रभुभोजन म्हणजे पावाचा एक तुकडा आणि द्राक्षरसाचा एक घोट. आमच्याकडं पाव सेनगावच्या बेकरीतून यायचा आणि रस मनुका भिजवून करायचे. पण तो तुकडा हातात आला की बाई प्रभूच्या घरची होते. माझ्याकडून तोच काढून घेतला. मला भयंकर राग आला आणि त्याहून जास्त भीती वाटली, की खरंच देवानंच मला आपल्या ताटावरून उठवलं असेल तर?

उपास सुरू झाला आणि माझ्या गोळ्यांची पुडी फळीवरून नाहीशी झाली. मी घरभर शोधली. उपास संपायच्या आत मला एकामागून एक झटके सुरू झाले. पहिल्यातून शुद्धीवर यायच्या आत दुसरा. याला स्टेटस एपिलेप्टिकस म्हणतात, हे मला नंतर कळलं. यात माणूस जातोसुद्धा. दानियलनं जीपमध्ये घालून हिंगोलीच्या दवाखान्यात नेलं.

डोळे उघडले तेव्हा डोकं आत्यांच्या मांडीवर होतं. त्या ओल्या फडक्यानं माझं तोंड पुसत होत्या. डॉक्टर दारातून कडक आवाजात म्हणाले, "प्रार्थना करा, मी अडवत नाही. पण गोळी घेऊन करा." ते गेल्यावर आत्या म्हणाल्या, "म्याच उचलल्या व्हत्या गं गोळ्या. म्हणलं, डाग जाईल. माझं लेकरू मोकळं व्हईल."

मी त्यांच्याशी बोलले नाही. जीभ सुजली होती, आणि सुजली नसती तरी बोलले नसते. पण त्या हलल्या नाहीत. माझं हगणं-मुतणं त्यांनी काढलं, वेणी घातली, पेज भरवली. मी तोंड फिरवलं की चमचा त्या बाजूला यायचा.

तोवर देव मला शाळेतल्या गुरुजींसारखा वाटायचा. नीट वागलं की शाबासकी, चुकलं की छडी. त्या वॉर्डात मला प्रार्थना सुचत नव्हती, एक गाणं आठवत नव्हतं, विश्वास तर चमचाभरही उरला नव्हता. देवाला देण्यासारखं माझ्याकडं काहीच नव्हतं. तरी कुणीतरी माझं डोकं मांडीवर घेऊन बसलं होतं. देवाचं प्रेम असंच असणार, बरं होण्याची वाट न बघणारं, हे मला तिथं कळलं. लोक बाप्तिस्म्याचा दिवस सांगतात. मी विश्वासात मोठी झाले ती त्या खाटेवर. तिसऱ्या का चौथ्या दिवशी मी आत्यांचा हात धरला.

औषधाचा कोर्स पुरा झाल्यावर नांदेडला पुन्हा स्कॅन काढला. डॉक्टर म्हणाले, "जंत मेला. पण त्या जागी कॅल्शियम साठलंय. जखम भरली तरी व्रण राहतो ना, तसं. डाग राहणार. गोळीही चालू ठेवावी लागेल."

"कायमची?"

"बहुतेक."

पुढच्या प्रभुभोजनाच्या रविवारी मी पुढच्या सतरंजीवर जाऊन बसले. शेड भरली होती. पाळकांनी विचारलं, "बाई, साक्ष देता का? डाग गेला?" सगळे हल्लेलुया म्हणायला तयारच होते.

मी उठले आणि ती फिल्म दाराच्या उजेडात धरली. "न्हाई गेला. जंत मेला, डाग हाय. गोळी चालू हाय अन् चालूच राहणार. प्रभूनं मला नांदेडच्या डॉक्टरच्या हातानं वाचवलं. ही माझी साक्ष."

कुणी हल्लेलुया म्हटलं नाही. पाळक हळू आवाजात म्हणाले, "मंग जरा थांबा, बाई. पुरतं बरं झाल्यावर घ्या भोजन."

"पाळकसाहेब," मी म्हणाले, "लेकरू आजारी पडलं तर माय त्याला ताटावरून उठवती का? का आधी त्यालाच वाढती?"

त्यांनी पावाची ताटली उचलून पहिल्या रांगेत दिली. ताटली फिरू लागली. माझ्यापाशी आली आणि तशीच पुढं आत्यांकडं गेली. मी मान खाली घातली नाही. आत्यांनी आपला तुकडा उचलला, त्याचे दोन केले आणि एक माझ्या हातावर ठेवला.

"घे. काहून बघून राहिलीस? तुझा वाटा हाय ह्यो." मग पाळकांकडं वळून म्हणाल्या, "आता माझं बी नाव मंडळीतून काढायचं तर काढा."

नाव कुणाचंच काढलं नाही. पाळक कधी चुकलं म्हणाले नाहीत, मीही विचारलं नाही. पण पुढच्या महिन्यात ताटली माझ्यापाशी थांबली. वर्षभरात लेकरंही परत माझ्याकडं आली. त्यांच्या देखत मी गोळी घेते आणि मग गाणं सुरू करते.

तुमच्या घरी कुणाला झटका आला तर कांदा-चप्पल लांब ठेवा, तोंडात चमचा घालू नका. कुशीवर वळवा, डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवा आणि झटका थांबेना तर दवाखाना गाठा. प्रार्थना जीपमध्येही करता येते, दानियलनं केली होती.

अजून कधीतरी पाहुण्या मंडळीतली एखादी बाई माझी गोळी बघून विचारते, "व्हय गं, अजून बरी न्हाई झालीस?"

न्हाई, मी म्हणते, आणि आत्यांच्या शेजारी जेवायला बसते.