ओल्या फांद्यांची म्हातारी

टोपलीकाकूचा जन्म टोपल्या विणण्यात गेला होता. म्हणून बागेच्या साहेबानं तळ्याकाठी ओल्या फांद्यांची एक बसलेली बाई विणायचं काम तिलाच दिलं. आकारानं ती माणसाच्या दुप्पट हवी होती. "आपोआप वाळेल, वाकेल, मातीत जाईल. तीच तर गंमत!" साहेब म्हणाला होता.

काकूनं विणली. हातांना जी पाठ ठाऊक होती तीच विणली गेली. बघायला आलेली नणंद कंबरेवर हात ठेवून उभीच राहिली.

"वहिनी, अगं ही तर आई!"

"कुठली? तुझी आई एवढा वेळ गप्प बसली असती का कधी?"

नणंद हसली, पण काकूचं तोंड उतरलं. तोच वर उचललेला डावा खांदा, तेच पोक. सासूबाईंनी अंथरूण धरल्यापासून ती पाठ काकूनं रोज पुसली होती. म्हातारी गेली तेव्हा तिला रडू आलं नव्हतं, झोप आली होती.

ऊन लागलं तशी फांद्यांची साल सुरकुतली, हनुवटी लोंबली. आता साहेबाला गंमत वाटेना. फोटो काढणाऱ्यांना पहिल्यासारखी बाई हवी होती. "काकू, जरा मान सरळ करा." मग, "पोट आत गेलंय, भरा." काकू ठणकत्या बोटांनी नव्या फांद्या खुपसायची, सुतळीनं आवळायची. मेली तरी हिचं करणं काही सुटेना, असं पुटपुटायची आणि जीभ चावायची.

पानं गळायला लागली आणि म्हातारीची कंबरच बसली. साहेबाचा निरोप आला. काकू डोक्यावर फांद्यांचा भारा घेऊन आली, म्हातारीच्या मागं गेली, दोन्ही हात तिच्या पाठीला लावून उचलायला वाकली. आतल्या काड्या कडाकडा मोडल्या. शेवटी शेवटी सासूबाई म्हणायच्या, "नको गं बसवूस आता. राहू दे आडवी." पण डॉक्टरनं बसवा म्हटलेलं, आणि काकू ओढून बसवायचीच.

तिनं हात काढून घेतले.

"उचला की काकू," साहेब म्हणाला.

"नाही उचलत. आपोआप मातीत जाईल, असं तुम्हीच म्हणाला होतात ना? जाऊ दे मग. दमली ती."

"ती दमली, का तुम्ही?"

"दोघी," काकू म्हणाली. भारा खाली टाकला आणि त्याच्यावरच बूड टेकलं.