सामाईक विहीर

सोसायटीत पाणी कमी पडलं की लोक माझ्याकडे बघतात, कारण मी सेक्रेटरी आहे. कात्रजच्या चढावर आमच्या तीन इमारती आहेत. एप्रिल लागला की नळाचं पाणी टाकीचा तळ ओला करतं आणि थांबतं. गेल्या उन्हाळ्यात तळमजल्यावरचे निवृत्त प्राध्यापक लिफ्टपाशी मला गाठून म्हणाले, "सेक्रेटरीसाहेब, एक नोटीस लावून टाका. आंघोळ ऐच्छिक आहे म्हणून." मी हसलो, पण ते बोलणं दिवसभर टोचत राहिलं.

टँकरही वेळेवर येत नव्हते. आमच्याकडे येणारा टँकरवाला माझ्याच गावचा. गाव डोंगरापलीकडे, आता महापालिकेच्या हद्दीत आलेलं. पण पालिकेची पाइपलाइन अजून तिथवर पोचलेली नाही. तो मला म्हणाला, "सायेब, दुसऱ्यांच्या विहिरी कशाला धुंडाळायच्या? तुमची हाय की. तुमचे वार तर मोकळेच जात्यात."

तो असं का म्हणाला ते सांगायला हवं. वडील आणि चुलते वेगळे झाले तेव्हा जमिनीच्या मधोमध बांध पडला. विहीर मात्र वाटता येईना, ती सामाईक राहिली. सोमवार ते बुधवार पाणी आमचं, गुरुवार ते शनिवार त्यांचं. रविवारी मोटर बंद ठेवायची, विहिरीला भरू द्यायचं. पुढे वडील नोकरीसाठी पुण्यात आले, कसबा पेठेतल्या एका खोलीत राहिले, आणि आमचं रान पडीक झालं. मग आमच्या दिवसांचं पाणीही चुलत्यांनी आणि त्यांच्यामागे माझ्या चुलतभावाने, म्हणजे दादाने, आपल्या पिकाला दिलं. त्यासाठी कुणी कुणाला विचारलं नाही. वडील गावी गेले की विहिरीत डोकावायचे, "पाणी बरं आहे," म्हणायचे आणि चहाला बसायचे.

मी टँकरवाल्याला होकार दिला. दादाला फोन केला नाही. जे माझंच आहे ते मागायचं कशाला, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे तो नाही म्हणेल याची मला भीती होती, आणि नाही म्हणाल्यावर काय करायचं हे मला ठरवायचं नव्हतं. रात्रीच्या जेवणाला बायकोने विचारलं, "अहो, दादांशी बोललात ना?"

"बोलतो," मी म्हणालो.

सोमवारी टँकर आले. मिटिंगमध्ये टाळ्या वाजल्या. प्राध्यापक म्हणाले, "सेक्रेटरी कामाचा निघाला, हे नोंदवून ठेवा." मी पैसे घेतले नव्हते. पुढे हे मी कुणी न विचारताच बऱ्याच जणांना सांगितलं. घेतलं ते काहीतरी वेगळंच. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला टाळ्या इतक्या गोड लागतात, हे मला माहीत नव्हतं.

मंगळवारी दादाचा फोन आला.

"टँकर तुझा हाय म्हणतोय हा. खरं का?"

"हो दादा. म्हणजे, आमचे वार आहेत ना. गुरुवारपासून तुझं आहेच."

तो म्हणाला, "तुमचे वार. बरं." आणि फोन ठेवला.

मी तेव्हाच जायला हवं होतं. गाव काही लांब नाही, स्कूटरवर तासाभराचा रस्ता. पण हा रविवार नको, पुढचा बघू, असं करत मे उजाडला. ऑफिसात बसलो की दादाचं ते 'बरं' ऐकू यायचं. घरी आलो की टाकीत पाणी पडल्याचा आवाज यायचा. दोन्हीकडे मी अस्वस्थच असायचो, पण टँकर काही थांबवला नाही.

शेवटी वहिनींचा फोन आला. "भावजी, एकदा येऊन बघून जावा. हे काय बोलायचे न्हाईत."

गेलो तो गुरुवार होता, म्हणजे दादाचा दिवस. दादाने बटण दाबलं, मोटर सुरू झाली, पाइपातून चांगलं मनगटाएवढं पाणी आलं. आम्ही दोघं बघत उभे राहिलो. अर्ध्या तासात धार बारीक झाली, मग पाणी गढूळ आलं, मग नुसती हवा. दादाने मोटर बंद केली. मी विहिरीत वाकून बघितलं. तळाचा कातळ उघडा पडला होता आणि एका कपारीतून करंगळीएवढा झरा पाझरत होता.

माझ्या डोक्यात हिशेब वेगळा होता. माझे तीन दिवस मी वापरतो, त्याचे तीन त्याला राहतात. टँकरवाला डिझेलचं इंजिन लावून सोमवार ते बुधवार विहीर खरवडून नेत होता. ज्या पाण्याने गुरुवारी वर यायचं, तेच तो नेत होता. वारांची वाटणी माणसांनी केली होती, झऱ्याला तिच्याशी काही देणंघेणं नव्हतं. शेतकऱ्याच्या घरात जन्मलेल्या मला हे तिथे वाकून बघेपर्यंत सुचलं नव्हतं.

दादाची गुलछडी खालच्या अंगाला होती. लग्नसराईत ही फुलं रोज पहाटे मार्केट यार्डात जायची. वरच्या सऱ्या हिरव्या होत्या. खालच्या निम्म्या सऱ्यांची पात पिवळी पडून जमिनीला टेकली होती, दांडे वीतभर वाढून कळीतच करपले होते. वहिनी एकेक दांडा मोडून पदरात टाकत होत्या. कशासाठी, ते मी विचारलं नाही.

"दादा, टँकर आजपासून बंद," मी म्हणालो. "माझं चुकलं."

"तुझं कसलं चुकलं? तुझे वार होते."

"मी लिहून देतो. आमचा हिस्सा तुला. तलाठ्याकडे जाऊ या."

त्याने पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. "लिहून देणार? तुझ्या बापानं नुसतं चहा पिऊन दिलं होतं."

टँकर बंद केला. सोसायटीत मी तांत्रिक अडचण असं कारण सांगितलं. प्राध्यापक म्हणाले, "तांत्रिक म्हणजे भाऊबंदकी का?" पुण्यात काही लपत नाही.

मला वाटलं, आता सगळं पूर्वीसारखं होईल. पुढच्या मंगळवारी वहिनींचा फोन आला. आवाज अगदी खाली होता. "भावजी, विहीर भरलीया. पण फुलं वाळत्यात. कालपासनं ह्यांनी मोटरला हात लावला न्हाई."

"का?"

"म्हणत्यात, त्याचे वार हायत."

मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून पळालो. दादा बांधावर बसला होता. मी म्हणालो, "मी चालू करतो."

"कर की. पण पाणी तुझ्या रानात सोड. माझ्यात नगं."

मी मोटर चालू केली. काय करावं सुचत नव्हतं आणि नुसतं उभं राहवत नव्हतं, म्हणून पाट आमच्या बाजूला फोडला. आमच्या रानात गाजरगवत आणि कुसळं यांशिवाय काही नव्हतं. पाणी त्यात शिरलं, फेसाळत पसरलं. बांधापलीकडे, हाताच्या अंतरावर, गुलछडी सुकत होती. ऑफिसच्या कपड्यांत, चपला हातात घेऊन मी गवताला पाणी देत होतो. दादा बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर राग असता तर मला बरं वाटलं असतं. मीच मोटर बंद केली आणि निघालो. निघताना वहिनींनी चहा पुढे केला, तो मी घेतला नाही. घ्यायला हवा होता.

महिना संपायच्या आत दादाने बोअर घ्यायचं ठरवलं, विहिरीपासून जेमतेम पन्नास पावलांवर. मी जाऊन विनवलं. म्हटलं, झरा एकच आहे, बोअर खोल जाईल, विहिरीचं पाणी ओढून घेईल. विहीर आजोबांनी खणली, ती दोघांची जाईल.

"ठावं हाय मला," तो म्हणाला. "पर बोअरला वार नसत्यात. ज्याचं त्याचं."

मशीन आलं त्या दिवशी मी तिथे होतो. मला कुणी बोलावलं नव्हतं, कुणी हाकललंही नाही. दिवसभर पांढरी धूळ उडत राहिली. ती आंब्यावर, गुलछडीवर, आमच्या डोक्यांवर बसली. संध्याकाळी पाणी लागलं. वहिनींनी हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि खोबऱ्याचा तुकडा सगळ्यांबरोबर माझ्याही हातावर ठेवला. दादा तोंड धुऊन माझ्याजवळ आला. कितीतरी दिवसांनी तो आपणहून बोलत होता.

"विहीर आता तुला ऱ्हाऊ दे. आठवड्याचे सगळे वार तुझे. तुझ्या लोकांना पाज."

त्यात टोमणा नव्हता. तो खरंच देत होता.

त्याची निम्मी गुलछडी बोअरच्या पाण्यावर तगली. त्या वर्षी पाऊस चांगला झाला, तरी दिवाळीनंतर विहीर लवकर खाली गेली. आम्ही आता एकमेकांच्या कार्यांना जातो. दादा पंक्तीत माझ्या शेजारी बसतो, आग्रह करतो. पाण्याचा विषय निघाला की तो हात धुवायला उठतो.

परवा टँकरवाल्याचा फोन आला. "सायेब, विहिरीत अजून दोन पुरुष खोल पाणी हाय. आता तर सगळी तुमचीच. कुणाची हरकत न्हाई. सोमवारपासनं येऊ का?" इकडे सोसायटीच्या टाकीत सकाळी खडखडाट होता, आणि चौथ्या मजल्यावरची बाळंतीण आपल्या माहेरी निघून गेली होती.

बायकोने विचारलं, "काय सांगितलंत त्याला?"

कळवतो, असं सांगितलं होतं. मी विहीर कोरडी केली तर दादा काही बोलणार नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. तरीही मला चटकन नाही म्हणता आलं नाही. दोन दिवस झाले, फोन मी पालथा ठेवतो. आज रविवार आहे.