पंच बाकड्यावर बसले की

ते प्रकरण आठवलं की आजही माझं डोकं तापतं, आणि नेमकं कोणावर तापावं हे अजून ठरत नाही. वाशिम जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या ठाण्याचा मी तेव्हा प्रभारी होतो. गावाचं नाव सांगत नाही, माणसांचीही नाही. त्यातले बरेच जण अजून तिथेच राहतात.

गुटख्यावर बंदी आहे हे लहान पोरालाही ठाऊक असतं, आणि तो कुठे मिळतो हेही. मालेगाव रस्त्यावरच्या एका सोयाबीनच्या गोदामात माल उतरतो, अशी पक्की खबर होती. छापा घातला, तर गोदाम झाडूनपुसून लख्ख. पुन्हा खबर, पुन्हा छापा, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी तर गोदामवाल्याने आमच्यासाठी खुर्च्या मांडून ठेवल्या होत्या. "या साहेब, चहा घेता काय?" म्हणाला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

दोन दिवसांनी माझा खबऱ्या भाजीबाजारात भेटला. पिशवीत वांगी भरता भरता हळूच म्हणाला, "साहेब, तुमची गाडी गेटाच्या भायेर निघाच्या आंधीच माल हलते. उंदीर तुमच्याच घरात हाय."

घरात उंदीर आहे म्हटलं की माणूस ताटाखालीही पाहून घेतो. त्या दिवसापासून चालक कोणाशी बोलतो, कोण फोन घेऊन मागच्या विहिरीकडे जातो, सगळ्यांवर माझी नजर. आणि नजर फिरून फिरून एकाच माणसावर थांबत होती. तिन्ही छाप्यांच्या वेळी ठाणे अंमलदार, म्हणजे दारातल्या टेबलावर बसून ठाणं सांभाळणारा, आमचा एक जुना हवालदार होता. तिथे त्याला मीच बसवत असे, कारण माणूस भरवशाचा. आता तोच भरवसा मला टोचायला लागला.

त्याला केबिनमध्ये बोलावलं. दार लावलं.

"फोन द्या."

त्याने टेबलावर ठेवला.

"दुसरा?"

"दुसरा नाई साहेब. हाच धड चालवता येत नाई मले."

"मग बातमी बाहेर जाते कशी?"

"मले काय मालूम? मी तं टेबल सोडून उठतबी नाई."

"म्हणूनच विचारतो."

 त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसतं आश्चर्य होतं. कसलेले गुन्हेगारही असाच चेहरा करतात, हे मी नोकरीत कितीदा पाहिलं होतं. त्याच्या फोनचा सीडीआर, म्हणजे आल्या-गेल्या कॉलची यादी, काढली. बायको, मुलगी, दूधवाला, दवाखाना, याखेरीज काही सापडेना. मला वाटलं, गडी पक्का आहे. कामात कसूर केली असा कसुरी अहवाल वर पाठवला आणि त्याला वाशिमला मुख्यालयात धाडून दिलं.

अशा बातमीला एसटी लागत नाही. हवालदाराच्या मुलीची सोयरीक कारंजाकडच्या एका घरी ठरली होती, तारीख तेवढी काढायची होती. व्याह्यांचा निरोप आला, "चौकशी आटपू द्या, मंग पाहू." ठाण्यातल्या लेखनिकाने मला हे सांगितलं तेव्हा मी म्हणालो, "मी काय करू?" खरंच, काय करणार होतो?

चौथ्या वेळी मी ठाण्यात कोणाला काही सांगितलं नाही. साध्या कपड्यांत, खासगी मोटारसायकलींवर, दोनच शिपाई घेऊन रिसोडच्या वाटेने निघालो आणि आडरस्त्याने वळलो. एरवी छाप्याआधी दोन पंचांना ठाण्यात आणून व्हरांड्यातल्या बाकड्यावर बसवण्याची आमची रीत होती. या वेळी पंच वाटेतल्या गावातूनच घेतले. गोदामाचं दार ढकललं, तर पोती छताला लागलेली, आणि गोदामवाल्याचा पंचविशीतला पुतण्या त्यांवर पाय पसरून मोबाईल बघत बसलेला. मुद्देमाल हाती लागला. मनात म्हटलं, बघा, हवालदार गेला आणि छापा पडला! आणखी काय पुरावा पाहिजे?

मग शिपायाने तो मोबाईल माझ्यासमोर धरला. पडद्यावर आमचं ठाणं होतं. आमचा व्हरांडा, आमचं बाकडं, टेबलावर जांभया देणारा नवा ठाणे अंमलदार. तिथलं मांजर शेपटी हलवताना दिसत होतं. 

 चहा पोटात गेल्यावर पुतण्या बोलायला लागला. सीसीटीव्ही कॅमेऱ्यांचं चित्र साठवणाऱ्या रेकॉर्डरमध्ये एक कच्चा दुवा आहे, पासवर्ड न विचारताच तो बाहेरच्या माणसाला आत घेतो, ही युक्ती त्याला कुठल्याशा मोबाईल ग्रुपवर मिळाली होती. एकेक जागा उघडून पाहता पाहता आमचा व्हरांडा सापडला.

"बाकड्यावर दोन साधे माणसं येऊन बसले अन् जीप फिरवून उभी केली, का समजून जायचं. मंग माल हलवाचा."

"हवालदार काय घेत होता तुमच्याकडून?"

"कोण? थो टेबलावरचा बुढा?" पोरगा हसला. "थो काय घेते! तीन महिने पाह्यलं म्या त्याले. कोणी चहा आणला तरी खिशातून पैसे काढून देते. फोन आला तं दूर धरून ओरडते."

तो हवालदाराला वाचवत असेल, म्हणून मी याही बोलण्यावर विश्वास ठेवला नाही. मोबाईल सायबर शाखेला दिला. आमच्या एकाही माणसाशी त्याचा संबंध निघाला नाही. तेव्हा कुठे पोराचं म्हणणं मला पटलं.

कॅमेरे बसवणारे भाई आले. गावातले निम्मे कॅमेरे त्यांनीच लावलेले. घाम पुसत म्हणाले, "साहेब, कुलूप मजबूत हाय, पन चौकटच ढिली निघाली. कंपनीनं नेटवरून दुरुस्ती पाठवली होती. पन सीझन चालू, गिऱ्हाईक म्हणे चालू मशीनले हात कायले लावता? म्या बी नाई लावला."

"हाच रेकॉर्डर आणखी कुठे आहे?"

त्यांनी मान खाली घातली. "पतसंस्था. सराफा. मुलींचं वसतिगृह बी."

ठाण्याची नेटची वायर मी स्वतः उपटली आणि तसाच वसतिगृहाकडे निघालो. भोंगा लावून सांगावं, तर गावातला प्रत्येक टवाळ तेच शोधत बसेल. न सांगावं, तर लोक कसे ऐकतील? सराफ म्हणाला, "पोलीसवाले माहा कॅमेरा बंद कराले सांगून राह्यले? काहून?" मी म्हटलं, "चोर तुमचं दुकान तुमच्यापेक्षा जास्त पाहतोय, म्हणून." तरी भाऊबंदांना फोन करून खात्री केल्यावरच त्याने वायर काढू दिली. सगळीकडे दुरुस्ती बसल्यावर मग गावाला जाहीर सांगितलं.

या प्रकरणाने शिकवलं ते एवढंच. दुरुस्तीचा निरोप आला की त्याच दिवशी ती बसवावी, सीझन असो की सण. आणि पहारा देणाऱ्यावर संशय घ्यायचा, तर पहारा देणाऱ्या यंत्रावरही घ्यावा. हवालदारावर संशय घेतला हे चुकलं, असं मी आजही म्हणत नाही. पुरावा तिकडेच बोट दाखवत होता. पण यंत्राला दोष असू शकतो हे माझ्या मनातही आलं नाही, माणसाला मात्र आधी धरलं.

त्याला निर्दोष ठरवणारा अहवाल मी पाठवला आणि प्रत त्याच्या हाती दिली. तो म्हणाला, "कागदानं व्याह्याचं समाधान नाई होत साहेब. तुमी या."

गेलो. वर्दीत, हवालदाराला बरोबर घेऊन गेलो. व्याह्यांनी "जय भीम" करून बसवलं, चहा दिला. मी सगळं सांगितलं, पोराचा जबाबही सांगितला. व्याही शेतकरी माणूस, त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजे साहेब, हे सांगत होते तं तुमाले पटलं नाई. अन् थ्या चोरट्यानं सांगतलं तं पटलं?"

 हवालदार उठला, माझ्या हातातला रिकामा कप घेतला आणि म्हणाला, "जाऊ द्या व्याही. साहेब इथपर्यंत आले, लय झालं."

लग्नाची तारीख त्याच बैठकीत निघाली. हवालदार ठाण्यात परत हजर झाला, आणि त्याच आठवड्यात त्याने माझ्यापुढे बदलीचा अर्ज ठेवला. का, असं विचारायची माझी हिंमत झाली नाही.