बेटाचा ताबा

बाबा कारखान्यात काय बनवतात हे आम्हाला कधीच कळलं नाही. खमरियाच्या दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत कुठल्याच घरात ते विचारायची रीत नव्हती. बांगलादेशच्या लढाईच्या वर्षी पाळी बारा तासांची झाली. बाबा संध्याकाळी येत, कोपरापर्यंत हात घासून धूत आणि चहा पिता पिता कारखाना सोडून जगातल्या कुठल्याही गोष्टीवर बोलत. त्यांचा लाडका विषय एकच. मराठ्यांच्या आरमारानं आफ्रिकेजवळचं एखादं बेट घेतलं असतं तर?

इतिहास खोटा, पण बाबा तो खऱ्यापेक्षा नेटानं रचत. गलबतावर पाण्याची पिंपं किती, खलाशांची शिदोरी किती दिवस टिकेल, परतीचा वारा कधी लागेल, सगळं ठरलेलं. सरखेल, म्हणजे आरमाराची प्रमुख, मी. अकरावीत होते, बोर्डाचं वर्ष, आणि जिंकायची मला भारी हौस. एकदा मी बेट सर करून झेंडाही लावला.

"ठीक आहे," बाबा म्हणाले. "आता तिथल्या विहिरीवर एक बाई पाणी भरून राहिली. तिला काय सांगशील?"

"सांगीन, चलो, उठा इथून. आता हे आमचं."

"मग बेट नाही घेतलं तू. नुसती काठी रोवली."

मला राग आला. खेळातही जिंकायचं नाही तर खेळायचं कशाला?

त्याच थंडीत मागच्या लाइनीतले, बाबांच्याच कारखान्यातले काका काविळीनं गेले. काकू आणि दोन लहान मुली मागे राहिल्या. क्वार्टर नोकरीबरोबर मिळतं आणि नोकरीबरोबर जातं. काकूंनी काकांच्या जागी नोकरीसाठी अर्ज केला होता. तो मंजूर झाला तर घर राहणार, नाहीतर मुलींना घेऊन दिराच्या दारात. आणि मोठ्या क्वार्टरच्या यादीत पुढचा नंबर बाबांचा होता. काकूंचंच क्वार्टर बाबांना मिळाल्याचा कागदही आला. दोन खोल्या, मागे अंगण. आम्ही पाच जण दीड खोलीत राहायचो, मी मोरीजवळ पाट टाकून अभ्यास करायची. मला आनंद झाला आणि तो मी लपवलाही नाही.

बाबांनी नकार दिला असता तर घर यादीतल्या पुढच्या माणसाला गेलं असतं. म्हणून त्यांनी होकाराची सही केली आणि ताबा घ्यायला गेलेच नाहीत. कारण काय, तर पौष! मुहूर्त चुकला तरी चालेल, जेवणाची वेळ चुकू नये, असं म्हणणारा हा माणूस. हिंदीवाल्यांचा पूस आमच्या पौषाआधी पंधरा दिवस लागतो आणि आमचा त्यांच्यानंतर पंधरा दिवस चालतो. बाबांनी दोन्ही पाळले.

"पूस तो निकल गया, साहब," ऑफिसातले बाबूजी म्हणाले.

"आपका निकल गया. हमारा पंद्रह दिन बाकी है."

मग आईची तब्येत, मग होळीआधीचे आठ वर्ज्य दिवस, मग हिंदीवाल्यांचा खरमास, तोही शुभकार्याला वर्ज्य. बाबूजींनाही सगळं कळत असणार. ते गंभीर चेहऱ्यानं पंचांग उघडत आणि तारीख पुढे ढकलत. असे दोन खोटारडे मी पुन्हा पाहिले नाहीत, आणि दोघांचाही मला अजून अभिमान वाटतो.

तेव्हा मात्र वाटला नव्हता. परीक्षा तोंडावर आली तशी मी भडकले. "काहून असं करून राहिले तुम्ही? घर आपलं आहे ना?"

"आहे ना," बाबा शांतपणे म्हणाले. "जा, तूच सांगून ये त्यांना निघायला."

मी हट्टानं गेलेही. काकू पुढच्या खोलीत तांदूळ निवडत होत्या. मला बघून त्यांनी सूप बाजूला सारलं. "ये पोरी. घरात बसायला जागा नाही म्हणत होती तुझी आई. इथंच अभ्यास कर, मी मुलींना मागे नेते."  मी घरी जाऊन पुस्तकं घेऊन आले.

पुढचे सगळे पेपर मी त्या खोलीत बसून दिले म्हणा ना. शेवटच्या पेपराच्या आदल्या दुपारी काकूंच्या नावानं कारखान्याचा लिफाफा आला. कागद इंग्रजीत होता, तो त्यांनी माझ्या हातात दिला आणि समोर जमिनीवर बसल्या. मी मोठ्यानं वाचला. नोकरी मिळाली होती. म्हणजे हे घर आम्हाला आता कधीच मिळणार नव्हतं. नोकरी मिळाल्याचं काकूंना सांगताना मला हुंदका आला, आणि तो आनंदाचा होता.