साहेबांच्या बाजूचा चेंडू

पिंपळे सौदागरच्या आमच्या सोसायटीत काल कुणीतरी टेनिसच्या चेंडूंचा नवा डबा उघडला आणि त्या रबरी वासाबरोबर मला चाकणच्या कंपनीतली पंधरा वर्षांपूर्वीची दुहेरीची फायनल आठवली.

माझा जोडीदार शेळके, मी सुपरवायझर होतो त्याच लाइनवरचा ऑपरेटर. समोरचे दोघे वयस्कर. पळायचं नाव नाही, नुसते उंच लॉब मारायचे. मी नेटजवळ असायचो आणि चेंडू माझ्या डोक्यावरून मागे पडायचा. अशा वेळी मागच्याने धावत येऊन तो घ्यायचा आणि पुढच्याने बाजू बदलायची, एवढं आमचं ठरलं होतं. शेळके माझ्याहून चपळ. तरी दर वेळी तो जागेवरच थांबून ओरडायचा, "साहेब, तुमचा!"

आम्ही हरलो. मी चिडून विचारलं, "अरे, घेतला का नाहीस?"

"तुमच्या बाजूचा व्हता," तो शांतपणे म्हणाला. "न इचारता कसा घेऊ?"

तेव्हा मला तो निव्वळ बावळटपणा वाटला. त्याच आठवड्यात बंद पडलेलं मशीन त्याने आपणहून सुरू केलं होतं आणि मी त्याला सगळ्यांदेखत झापलं होतं, "विचारल्याशिवाय हात लावायचा नाही."

त्याने सुरू केलेलं मशीन मात्र त्यानंतर व्यवस्थित चाललं.