चंपाबायची तीन थरांची वडी

पोलादपूर स्टँडावर माझी टपरी होती तेव्हाची गोष्ट. सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तर साल असेल. टपरी म्हणजे काय, वर चार पत्रे, पुढे एक बाकडं, केळ्यांचा घड, गोळ्या-बिस्किटांच्या बरण्या आणि बरण्यांमागे मी, अजमल. पण माझ्याकडे एक वडी मिळायची, तीन थरांची. खाली आंब्याची पोळी, मध्ये स्ट्रॉबेरी, वर चॉकलेट. मुंबईची माणसं ड्रायव्हरच्या नावाने बोंब मारून गाडी थांबवायची आणि ती वडी न्यायची. ती करणारी बाई स्टँडापासून हाकेच्या अंतरावर, बौद्धवाडीत, चुलीपुढे बसलेली असायची. तिचं नाव चंपाबाय. गावाला हे माहीत नव्हतं, आणि माहीत होऊ नये याची काळजी मीच घ्यायचो.

चंपाबाय उंच, हाडापेराने मोठी आणि तोंडाने फटकळ. लग्नाआधी दोन-चार हंगाम ती महाबळेश्वरला एका पारशीणबाईच्या बंगल्यावर कामाला होती. त्या बाईला चॉकलेट करायचा नाद. खायची ती, ढवळायची चंपाबाय, त्यामुळे चॉकलेट कुणाला येत होतं ते तुम्हीच ठरवा. पुढे लग्न होऊन ती पोलादपुरात आली. नवरा श्रीपत आंबेनळी घाटात रस्त्याच्या गँगवर. माणूस देवासारखा, म्हणजे फारसा बोलत नसे.

तिची वडी अशी. मे महिन्यात रायवळ आंब्यांचा रस आटवायचा, तूप लावलेल्या ताटात पसरायचा आणि उन्हात ठेवून कावळ्यांशी भांडत बसायचं. पोळी सुकली की डब्यात गेली, वर्षभर टिकते. थंडीत श्रीपत वरून, म्हणजे महाबळेश्वराकडून, डागी स्ट्रॉबेरी डबा भरून आणायचा. वरचे बागवाले ती फेकूनच देत. ती साखरेत घोटायची, चमचा उभा राहील इतकी, आणि पोळीवर लिंपायची. मग कोको, साखर, दुधाची पावडर आणि लोणी कढईत ढवळत राहायचं, कडा सोडेपर्यंत, आणि गरम असतानाच वर ओतायचं. "गार झाल्यावर वतलं तर थर धरत नाय," ती सांगायची. "मग ते रुसलेल्या नवरा-बायकोवाणी, एका ताटात पण लांब लांब." निवलं की सुरी गरम पाण्यात बुडवून कापायचं आणि बटर पेपरात गुंडाळायचं. आमच्या उन्हातसुद्धा ती वडी वितळत नसे.

पहिल्यांदा ती टपरीवर वडी घेऊन आली तेव्हा मी खाल्ली आणि गल्ला उघडा टाकून दुसरी उचलली. माझ्या बाबतीत हे फार झालं.

"विकशील काय, अजमलभाय?"

"विकीन. पण तुझी म्हणून नाय."

"मग कोणाची म्हणून?"

"कोणाचीच म्हणून नाय. चंपाबाय, या गावात अजून माझ्या हातचा चहा न पिणारी माणसं हायेत. बरणीतली गोळी घेतात, कारण ती कागदात असते. कागद गुंडाळला की सगळं पवित्र. पण कागदावर तुझं नाव आलं की संपलं. धंदा बुडेल."

तिला ते अजिबात पटलं नाही. तिला तिचं नाव हवं होतं. "माजी वडी, माजं नाव, यात गुन्हा काय?" असं ती पुढची दोन वर्षं दर आठवड्याला विचारायची, आणि मी दर आठवड्याला म्हणायचो, बघू. पण घरात मुली दोन, श्रीपतची नोकरी आज आहे उद्या नाही, म्हणून ती वड्या आणून देत राहिली. पहाटे, टोपलीत, वर फणसाची पानं झाकून.

मी धंद्याची एक युक्ती काढली होती. महाडकडून वर जाणारी गाडी आली की परातीतल्या वड्या आंब्याची बाजू वर करून मांडायच्या. "घ्या कोकणचा मेवा, वर नाय मिळायचा!" संध्याकाळी महाबळेश्वरहून गाडी उतरली की त्याच वड्या उलट्या करायच्या, चॉकलेट वर. "वरची मिठाई घ्यायची राहिली ना, साहेब?" एक गृहस्थ जाताना कोकणचा मेवा घेऊन गेले, येताना वरची मिठाई घेतली, आणि मला उपदेश केला, "बघा, ही चव आणा तुमच्या कोकणच्या मालात." मी म्हटलं, प्रयत्न करतो साहेब.

गावातली माणसं ती वडी वरचीच समजायची. मी खोटं बोललो नाही. कुणी विचारलं, "वरून येते ना रे?" तर मी मान हलवायचो. बौद्धवाडी रस्त्याच्या वरच्या अंगालाच होती. आणि खरं सांगू, गावाला खरं नकोच होतं. पिकतं तिथं विकत नाही. इथल्या चुलीवरची आहे म्हटलं असतं तर अर्ध्यांनी जातीवरून नाक मुरडलं असतं आणि उरलेल्यांनी गावठी म्हणून.

सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे खोतांच्या घरच्या गीताबाई. खोती केव्हाच गेली होती, पण गीताबाईंच्या नाकाला ते कुणी कळवलं नव्हतं. नाकाने कांदे सोलणारी बाई. तिच्या घरी पाहुणा आला की बशीत ही वडी हवीच. चैत्रात तिच्याकडे गौरीचं मोठं हळदीकुंकू असायचं. त्या वर्षी तिने निरोप धाडला, आंब्याची डाळ आणि पन्हं तर सगळ्याच देतात, मी प्रत्येकीला महाबळेश्वरची वडी देणार, दोन टोपल्या भरून आण.

दोन टोपल्या, आणि माझा पाय त्याच आठवड्यात मुरगळलेला. मी लंगडत एक नेणार, दुसरी कोण नेणार?

"मी नेते," चंपाबाय म्हणाली.

"नको गो बाय. आ बैल मुझे मार कशाला?"

"माजीच वडी हाय. माज्याच डोक्यावरनं जाऊ दे."

गेलो. अंगण सारवलेलं, मांडव घातलेला, ओट्यावर नथी, शालू आणि अत्तराचा वास. मला सांगितलं, टोपली पायरीवर ठेव. चंपाबायला सांगितलं, तू तिथेच, तुळशीच्या पलीकडे ठेव. मग एक गडी आला, त्याने दोन्ही टोपल्यांतल्या वड्या परातीत ओतून घेतल्या आणि आमच्या टोपल्या परत केल्या. बायकांनी तिथेच कागद सोडले. "अगंबाई, काय चव आहे!" "वरच्या हवेचाच गुण हो." "आपल्याकडे कुणाला जमणार असलं?"

मी चंपाबायला खुणावलं, चल. ती हलेना. कान देऊन ऐकत होती. दोन वर्षांत पहिल्यांदा ती आपल्या वडीचं कौतुक समोर ऐकत होती, आणि तिचा चेहरा असा उजळला होता की मलाच कसंतरी झालं.

तेवढ्यात गीताबाईंना दानधर्म आठवला. त्या ओट्याच्या कडेला आल्या. "उभी का गं? हवीय का? घे, तुलाही घे." आणि त्यांनी एक वडी दोन बोटांत धरून, हात चांगला उंच ठेवून, वरून चंपाबायच्या ओंजळीत टाकली. "महाबळेश्वरची आहे. कधी खाल्ली नसशील."

तौबा! मला वाटलं आता जमीन फाटावी.

चंपाबायने कागद सोडला. सगळ्यांसमोर, उभ्या उभ्या, एक घास घेतला, चावला, गिळला. मग म्हणाली, "खाल्लीय बाय. दर खेपेला पयला तुकडा मीच खाते. मीच करते ही वडी. आमच्या वाडीत, माज्या चुलीवर."

ओट्यावरच्या बायका होत्या तशा थांबल्या. कुणाच्या तोंडात घास, कुणाच्या हातात अर्धी वडी. गीताबाईंनी माझ्याकडे बघितलं. "काय रे अजमल, काय बोलतेय ही?"

आता काय सांगू? एका बाजूला माझी टपरी, आणि दुसऱ्या बाजूला ही बाई, माझ्याकडे बघतही नव्हती. मी हो म्हणेन याची तिला खात्री होती की मी नाही म्हणेन याची, ते मला आजवर कळलेलं नाही. मी म्हणालो, "खरं हाय ते. तिचीच वडी. पयल्यापासून तिचीच."

मला वाटलं, आता थुंकतील, भांडी धुतील, आम्हाला हाकलतील. मी तयार होतो. पण गीताबाई हसल्या. मोठ्याने हसल्या. "थट्टा करतात मेले! अगं, ही आणि चॉकलेट?" मग दुसरी हसली, मग तिसरी, मग ओटाभर बायका पदर तोंडाला लावून हसल्या आणि पुन्हा खायला लागल्या. बरोबरच आहे. खरं मानायचं तर दोन वर्षं काय खाल्लं त्याचाही विचार करावा लागला असता, आणि एवढी वडी हातात असताना विचार कोण करणार?

परतीच्या वाटेवर चंपाबाय माझ्यापुढे भराभर चालत होती. वाडीच्या वळणावर टोपली खाली टाकली आणि रडली. इतक्या वर्षांत मी तिला रडताना बघितलं नव्हतं.

"शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं रे. हाकललं असतं तरी चाललं असतं. हसल्या! माज्या तोंडावर हसल्या, आणि माजंच खात हसल्या!" पदराने नाक पुसून ती म्हणाली, "माजा बाप तरणा असताना तळ्याच्या पाण्यासाठी महाडला चालत गेलता. डोकं फोडून घेऊन आला. आणि मी दोन वर्षं फणसाची पानं झाकतेय. बस झालं. उद्यापासून नाव."

या वेळी मी बघू म्हणालो नाही. महाडच्या छापखान्यातून चिठ्ठ्या छापून आणल्या, 'चंपाबाई श्रीपत, बौद्धवाडी, पोलादपूर', आणि प्रत्येक वडीवर एक चिकटवली. प्रवाशांना फरक पडला नाही, त्यांनी वाचलंसुद्धा नाही. गाववाले मात्र हुशार. वडी घ्यायचे, इकडे तिकडे बघायचे, नखाने चिठ्ठी सोलायचे, तिथेच टाकायचे आणि वडी खिशात घालून घरी. गिऱ्हाईक एक कमी झालं नाही. माझं भाकीत सपशेल खोटं ठरलं, याचा आनंद मानावा की नाही तेच कळेना. संध्याकाळी टपरीपुढे झाडू मारताना माझ्या केरसुणीखाली सगळं तिचंच नाव. एकदा तिने ते बघितलं. सरळ रामा सुताराकडे गेली.

रामाने शिसवी लाकडाचा साचा कोरला. पहिला कोरला तो सरळ, त्यामुळे वडीवर नाव उलटं उमटलं. त्यावर चंपाबायने त्याच्या बापजाद्यांचा उद्धार केला आणि दुसरा करून घेतला. आता वरचा थर गरम असतानाच ती साचा दाबायची. चॉकलेटमध्ये ठसठशीत अक्षरं, एका टोकाला: चंपा.

"आता सोला म्हणावं," ती म्हणाली.

माणसं चरफडली. एकाने चाकूने नाव खरवडून बघितलं, तर निम्मं चॉकलेट गेलं, मग त्याने तो नाद सोडला. गीताबाई मात्र महिनाभर फिरकल्या नाहीत. मी म्हटलं, गेलं एक गिऱ्हाईक.

मग एक दिवस त्या महाडच्या गाडीसाठी स्टँडावर आल्या. सोबत शेजारीण होती, हळदीकुंकवाला ओट्यावर बसून हसलेल्यांतली. गीताबाई एकट्याच टपरीशी आल्या आणि हळूच म्हणाल्या, "अजमल, मला गाडी लागते. तोंडात टाकायला ती वडी दे. ते नसलेली दे."

"ते म्हणजे?"

"माहीत आहे तुला."

"तसली येत नाय आता. हाय ती अशीच हाय."

कंडक्टरने 'बसून घ्या' अशी हाक दिली. त्यांनी वडी घेतली, कागद घट्ट आवळून पदरात धरला आणि गाडीत खिडकीशी बसल्या. मी बघत होतो. गाडी निघायला उशीर होता, ड्रायव्हरचा चहा संपत नव्हता. शेवटी त्यांना राहवेना. त्यांनी कागद सोडला. अक्षरं दिसली. शेजारीण मान वाकडी करून म्हणाली, "काय हो ते, बघू?" गीताबाईंनी तिला काय दाखवावं? लपवायचं तर एकच जागा होती. त्यांनी घाईघाईने नावाचं टोक तोंडात घातलं आणि तेच आधी खाल्लं.

मी टपरी तशीच उघडी टाकली आणि अजून पुरता बरा न झालेल्या पायाने वाडीत पळत गेलो. चंपाबाय कढई ढवळत होती. मी धापा टाकत सगळं सांगितलं.

तिचा हात थांबला. "बाकीची वडी मागनं?"

"मागनं. पयलं तुजं नाव."

"चावून?"

"चांगलं चावून."

ती चुलीपुढेच बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. कढईतलं चॉकलेट करपलं, तरी उठली नाही.