मोठं बसवा म्हणाले, आणि...

रविवारी सकाळी वडवणीच्या पुढच्या माळावर मी एका भल्या माणसावर चारचौघांत ओरडले. ते अजून डोक्यातून जात नाही... म्हणून लिहितेय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी... मी बीडच्या एका शाळेत गणित शिकवते आणि सुट्टीच्या दिवशी जुनी जीप मातीच्या ट्रॅकवर पळवते. एकेक गाडी सुटते, घड्याळ लावून वेळ मोजतात. चव्वेचाळिसाव्या वर्षी हे काय, असं विचारून घरचे आता दमलेत.

गेल्या वर्षी शेवटच्या वळणावर माझी जीप बंद पडली. ते वळण इतकं अरुंद की पहिल्या गियरमध्ये इंजिन किंचाळतं आणि दुसरा टाकला की गुदमरतं. मी दुसरा टाकला होता... सगळ्यांसमोर गाडी गपकन थांबली.

यंदा नाव द्यायला गेले तर आयोजकांपैकी एक काका समजुतीनं म्हणाले, "मॅडम, खुल्या गटात घेतो तुमाला. पण पुन्हा बंद पडली तर पुढच्या वर्षीपासून लेडीज फेरी. फुगे लावून एक चक्कर, फोटोबिटो..." त्या फेरीत घड्याळ लावत नाहीत. मला ते घड्याळच हवं होतं.

उपाय होता. मागच्या अॅक्सलमध्ये दोन दातेरी चाकांची जोडी असते, क्राऊन आणि पिनियन. ती बदलली की सगळेच गियर एकदम बदलतात. चौसाळ्याच्या हमीदभाईंच्या गॅरेजात दोन जोड्या होत्या... एक नऊ-एकेचाळीस दातांची, एक आठ-त्रेचाळीसची. भागाकार केला तर पहिलीचं उत्तर साडेचारच्या आसपास, दुसरीचं पाचच्या वर. उत्तर जितकं मोठं तितकी ओढ जास्त, आणि पळण्याचा वेग कमी. जीपमधल्या जुन्या जोडीचं उत्तर या दोन्हींपेक्षा लहान.

वळणासाठी ओढ हवी. पण सुरुवातीलाच लांब सरळ पट्टा आहे... तिथं वेग नसला तर सगळेच माझ्या पुढे.

तीन आठवडे चैन नव्हतं. पेपर तपासता तपासता समासात भागाकार मांडायचे. एकदा भाजी ढवळताना पळी तशीच पुढे-मागे करत उभी होते, तर नवरा म्हणाला, "अगं, वांग्याला तिसरा टाक आता. करपायलंय."

शेवटी शुक्रवारी दोन तासांच्या मधल्या पाच मिनिटांत फोन केला. "हमीदभाई, मोठं बसवा." मोठं म्हणजे मोठा वेग, नऊ-एकेचाळीस... माझ्या डोक्यात तर स्पष्ट होतं. ते म्हणाले, "जी ताई. मोठं बसवतो." आणि मी सुटकेचा निःश्वास टाकून वर्गात गेले.

रविवारी ते स्वतः जीप टेम्पोत घालून माळावर आले. मी सरावाची फेरी मारायला निघाले. पहिल्यातच हिसका देऊन उडी... बघता बघता दुसरा संपला, तिसरा संपला, चौथ्यात इंजिन बोंबलायला लागलं, आणि वेग मात्र रिक्षाचा.

परत येऊन मी सगळ्यांदेखत सुरू झाले. "काऊन असं केलंत हमीदभाई? मी मोठं म्हणाले होते ना?"

"मोठंच बसवलंय की ताई," ते गोंधळून म्हणाले. "त्रेचाळीस मोठं का एकेचाळीस मोठं? गणिताच्या मॅडम तुमी..."

कुणीतरी फिस्सकन हसलं. ते हसू मला झोंबलं आणि मी म्हणाले, "तुमच्यावर सोडायलाच नको होतं." हमीदभाई फडक्याला हात पुसत टेम्पोच्या मागे निघून गेले.

उघडून पुन्हा बसवायला अर्धा दिवस लागतो, आणि माझा नंबर तासाभरावर होता. जीपमध्ये बसून राहिले. मुलांनी उत्तरात एकक लिहिलं नाही तर मी अर्धा गुण कापते... आणि मी स्वतः नुसतं 'मोठं' म्हणून फोन ठेवला होता.

झेंडा पडला. सरळ पट्ट्यावर अंदाज होता तसंच झालं, इंजिन रडत राहिलं आणि सेकंद हातातून गळत राहिले. मग ते वळण आलं. गेल्या वर्षीच्या धास्तीनं हात पहिल्याकडे निघाला होता... या जोडीत ओढ जास्त आहे हे आठवलं, मी तो आवरला आणि दुसरा टाकला.

गुदमरली नाही. मागच्या चाकांनी माती घट्ट धरली आणि जीप एका दमात वळणाबाहेर. मी बहुतेक ओरडले असेन... घसा अजून बसलेला आहे.

खुल्या गटात अकरा गाड्यांमध्ये सहावी. वेळेचा कागद हातात देताना काका नुसतं एवढंच म्हणाले, "पुढच्या वर्षी पण ह्याच गटात न्हवं, मॅडम?"

मी तशीच टेम्पोच्या मागे गेले. हमीदभाई ट्रॅककडे पाठ करून दगडावर बसले होते.

"बघितलं का?"

"न्हाई ताई. हिंमतच न्हाई झाली." मग म्हणाले, "आवाज ऐकला. दुसऱ्यातच काढली न्हवं?"

मी म्हणाले, चूक माझी होती, दात सांगायला हवे होते, तसं बोलायला नको होतं. त्यांनी मान हलवली. "सोडा ताई. पुढच्या टायमाला एकेचाळीस टाकून बघायचं का?"

त्याचं उत्तर अजून दिलेलं नाही. सरळ पट्ट्यावर गेलेले सेकंद काही गप्प बसू देत नाहीत, समासातले भागाकार परत सुरू झालेत... पण आता फोनवर नाही सांगणार. चौसाळ्याला जाईन आणि हमीदभाईंच्या शेजारी बसून ठरवेन.

मी इतकं बोलल्यावर माणूस पाठ फिरवून बसला... आणि तरी कान माझ्याच गाडीकडे लावून होता. असं कुणी आपलं ऐकत असतं, हे कळलं. त्याचेच आभार मानायचे होते.